मागे घेतलेली हरकत

१

"आमच्या ह्यांनी तुम्हाला पत्र लिहिलंय म्हणे. मला ते बघायचंय."

मास्तरीणबाई नगरपालिकेच्या रेकॉर्ड रूमच्या दारात उभ्या होत्या. जिना चढून आल्यामुळे दम लागला होता आणि हातात चार घड्या घातलेला छापील कागद होता. रेकॉर्डबाईंनी टेबलावरचे गठ्ठे सरकवून त्यांना बसायला जागा केली. रेकॉर्डबाईंना स्वतःचं नाव होतं, पण एकवीस वर्षांत या इमारतीत ते कुणी वापरलेलं नव्हतं.

छापील कागदावर दोनच ओळी होत्या. मैदानाच्या विक्रीला आपल्या घरातर्फे घेतलेली हरकत बारा तारखेच्या पत्रानं मागे घेतली गेल्याची नोंद झाली आहे, असं नगरपालिकेनं मास्तरांना कळवलं होतं.

"यात बघायचं काय? मास्तरांनाच विचारा ना घरी," रेकॉर्डबाई म्हणाल्या.

"विचारलं असतं. पण ते दोन महिन्यांपूर्वी गेले."

 मास्तर उपचारांसाठी मुलीच्या गावी गेले आहेत एवढंच रेकॉर्डबाईंच्या कानावर होतं. मास्तरीणबाईंनी थोडक्यात सांगितलं. तिकडेच गेले, तिकडेच सगळं झालं. मैदानाची हरकत त्यांनी जाण्याआधीच दिली होती, आणि तेव्हापासून इथलं घर बंदच होतं. परवा कुलूप काढलं तर दाराच्या फटीतून आत सरकवलेला हा कागद पायाखाली आला.

रेकॉर्डबाईंनी हरकतींची फाईल काढून पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. मास्तरीणबाईंनी चष्मा लावला. एकदा वाचलं, मग बोट ठेवून पुन्हा वाचलं.

"कुणीतरी खोटी सही केली असणार," रेकॉर्डबाई म्हणाल्या.

"नाही हो. सही त्यांचीच आहे. अक्षरही त्यांचंच. चाळीस वर्षं मी किराण्याच्या याद्या याच अक्षरात वाचल्या." त्यांनी चष्मा काढला. "हे त्यांनीच लिहिलंय. पण बारा तारखेला त्यांना जाऊन दीड महिना झाला होता."

२

मुख्याधिकारी तरुण होते आणि हिशेबी होते. त्यांनी ऐकून घेतलं, दार लावलं आणि कागदावर आकडे मांडले.

गावातलं एकमेव मोठं मैदान एका बांधकाम कंपनीला विकायचं, असा प्रस्ताव होता. त्यावर दुकानांची चार मजली इमारत उठणार होती. मैदानाला लागून एकशे अठरा घरं. नियम असा, की निम्म्याहून जास्त घरांनी हरकत घेतली, तर सभेत हजर असलेल्या सदस्यांपैकी दोन तृतीयांश सदस्यांची मतं लागतात. नाहीतर साधं बहुमत पुरतं.

"हरकती आल्या साठ," मुख्याधिकारी म्हणाले. "मास्तरांची गेली, की राहिल्या एकोणसाठ. बरोबर निम्म्या. निम्म्याहून जास्त नाहीत. सदस्य चौदा, नऊ विक्रीच्या बाजूचे, पाच विरोधातले. साध्या बहुमतानं उद्या प्रस्ताव मंजूर. दोन तृतीयांश लागले तर दहा मतं हवीत, आणि दहावं मत त्यांच्याकडे नाही."

"म्हणजे एका कागदावर मैदान जातंय."

"एका मेलेल्या माणसाच्या कागदावर." ते खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि लगेच परत आले. "मास्तरीणबाईंना उद्या सकाळी मृत्यूचा दाखला घेऊन बोलवा. पत्र रद्द करता येईल. पण हे पत्र आलं कुठून, ते मला कळायला हवं. मास्तर गेल्याचं तोवर कुणालाही बोलायचं नाही."

"बरं."

"अजून एक. हे पत्र खरं असेल, तर ते कुठल्या तरी जुन्या फायलीतून आलंय. आणि जुन्या फायली तुमच्या ताब्यात असतात." त्यांनी ड्रॉवरमधून नोटिशीचा छापील नमुना काढून त्यात दोन ओळी भरल्या.   "उद्या दुपारी तीनपर्यंत खुलासा द्या. सभा चारला आहे. खुलासा आला नाही, तर मला तुम्हाला निलंबित करावं लागेल. राग मानू नका."

रेकॉर्डबाईंनी पोच म्हणून सही केली. निवृत्तीला चौदा महिने उरले होते.

३

रेकॉर्ड रूममध्ये परत आल्यावर त्यांनी आतून कडी लावली आणि पत्र खिडकीच्या उजेडात धरलं.

'मैदानाबाबतच्या प्रस्तावाला मी घेतलेली हरकत मागे घेत आहे. सदर काम मुलांच्या हिताचे आहे याची माझी खात्री पटली आहे. कळावे.' खाली सही. वर काहीच नाही, ना तारीख, ना विषय. पत्राची तारीख म्हणून आवक विभागाचा बारा तारखेचा शिक्काच काय तो होता.

मुलांच्या हिताचं? चार मजली दुकानांत मुलांचं कसलं हित? मास्तर जन्मभर शाळेत होते, शब्द उगाच वापरणारा माणूस नव्हे.

त्यांनी पत्रावर एक कोरा कागद ठेवला. पत्र दोन बोटं आखूड होतं. वरची कड सरळ होती, पण कारखान्यात कापलेल्या कागदासारखी नव्हती. पट्टी धरून पात्यानं कापलेली. आता नगरपालिकेत फायलींना बाजूला दोन भोकं पाडतात. पूर्वी वरच्या डाव्या कोपऱ्यात एकच भोक पाडून दोरी ओवत. तारीख, विषय आणि भोक, जे जे जुनेपण सांगेल ते ते वरच्या दोन बोटांत होतं आणि नेमकं तेवढंच गेलं होतं.

त्यांनी शिडी लावली. 'मैदान' असं लिहिलेला गठ्ठा सगळ्यात वरच्या फळीवर होता. तीस वर्षांचे कागद, नव्वदएक फायली. एकेक काढून त्या जमिनीवर मांडत गेल्या. चहावाला दार वाजवून गेला, नवऱ्याचा फोन वाजून वाजून थांबला. साडेतीनच्या सुमारास बारा वर्षांपूर्वीची एक फाईल हाती लागली. मैदानाभोवती मुलांसाठी धावपट्टी करण्याचा प्रस्ताव. तेव्हा मास्तरांनी हरकत घेतली होती, कारण धावपट्टीसाठी त्यांची कुंपणाची भिंत मागे न्यावी लागणार होती. हरकतीचं पत्र होतं, पान एकेचाळीस. पुढचं पान त्रेचाळीस. आणि त्रेचाळिसाव्या पानावर तेव्हाच्या मुख्याधिकाऱ्यांनी मास्तरांचे आभार मानले होते, 'आपण हरकत मागे घेतल्याचे पत्र मिळाले.'

बेचाळिसावं पान त्यांच्या टेबलावर पडलेलं होतं.

त्या उठल्या आणि वाचनाची वही उघडली. हा गठ्ठा महिन्याभरात चौघांनी मागितला होता. आणि चारही वेळा टेबलावर तो त्यांनी स्वतःच्या हातानं ठेवला होता.

४

पहिले मोठे बाबू. नगरपालिकेचे हेडक्लार्क, तीस वर्षांची नोकरी. कर विभागही तेच सांभाळायचे.

"मास्तरांचं पत्र?" मोठ्या बाबूंनी टाचणीनं दात कोरणं थांबवलं. "अहो, कुठलं पत्र? मास्तर गेले की. त्यांच्या मुलीनं दाखला पाठवलाय महिन्यापूर्वी, घरपट्टीवर आईचं नाव लावायला. माझ्याच टेबलावर आहे."

"मग हरकतींची मोजणी करताना तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

"मोजणीत आम्ही घर क्रमांक बघतो, नावं नाही. क्रमांक सत्तावन्न, हरकत मागे, खूण केली, पुढे." ते खुर्चीत सरळ बसले. "काय झालंय? कुणी गेलेल्या माणसाच्या नावानं काही केलंय का? बाई, माझी पेन्शन आहे हो."

घाबरले होते, पण त्या घाबरण्यात काही लपवाछपवी नव्हती.

दुसरा इंजिनिअर. त्यानं मैदानाचे नकाशे हवे होते म्हणून गठ्ठा मागितला होता. तो नगरपालिकेत येऊन तीन वर्षं झाली होती. मास्तर कोण हेच त्याला नीट ठाऊक नव्हतं.

"सत्तावन्न नंबरचं घर ना? ते बंद असतं," तो म्हणाला. "मी नकाशा काढला, फोटो घेतला, गेलो. पाच-सात मिनिटं. तुमच्या त्या गठ्ठ्यात मला माझाच कागद सापडत नव्हता, दुसऱ्याचा कुठून सापडणार?"

तिसरा कंपनीचा सल्लागार. पांढरा शर्ट, मऊ आवाज. रीतसर अर्ज करून तो मैदानाची मालकीची कागदपत्रं बघून गेला होता. समोरच्या हॉटेलातल्या खोलीत त्यानं कचेरी थाटली होती. भिंतीवर मैदानाभोवतीच्या एकशे अठरा घरांचा तक्ता होता. हिरवी, लाल, पिवळी घरं.

"बसा ना. तुमच्या घरी मुलगा नोकरीच्या शोधात आहे, नाही का?" तो म्हणाला.

"भाचा आहे. आणि त्याला मिळाली नोकरी."

"मग यादी सुधारायला हवी." त्यानं खरंच टॅबलेट काढून काहीतरी टिपलं.  रेकॉर्डबाईंची नजर तक्त्यावर गेली. सत्तावन्न क्रमांकाचं घर ना हिरवं होतं, ना लाल. करड्या रंगाचं होतं.

"हा करडा रंग कसला?"

"मालक मयत." त्याला विचार करावा लागला नाही. "आमची माणसं दर आठवड्याला फिरतात. बारसं, आजारपण, मृत्यू, सगळं इथे येतं. लोकांचं सुखदुःख माहीत असल्याशिवाय काम होत नाही, बाई."

"मग त्या मयत माणसानं हरकत मागे घेतली, हे तुम्हाला खटकलं नाही?"

तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "आम्हाला नावं नको असतात. आकडा हवा असतो. आकडा एकोणसाठ झाला, मी पुढे बघितलंच नाही."

"आकडा कुणी करून दिला?"

"लोकशाही आहे," तो म्हणाला आणि त्यांच्यासाठी दार उघडून उभा राहिला.

५

चौथं नाव वाचताना त्यांना हायसं वाटलं होतं. सायकलभाऊ. मैदानाच्या वॉर्डाचा नगरसेवक. सायकलवरून घरोघर फिरायचा म्हणून नाव पडलेलं. विक्रीच्या विरोधातला पहिला आवाज त्याचाच. चोर पकडायला कुणाची मदत घ्यायची झाली, तर याचीच.

तो वॉर्डातल्या कचेरीत होता. खोली नव्यानं रंगवली होती. निवडणूक तीन महिन्यांवर आली होती आणि कोपऱ्यात फलकांच्या गुंडाळ्या रचल्या होत्या, अजून प्लॅस्टिकमध्येच. फलकावर तो सायकलवर बसून हसत होता. दाराबाहेर मात्र मोटार उभी होती.

"गुडघा धरतो हल्ली," त्यानं न विचारताच सांगितलं. "बोला, ताई. उद्याच्या सभेचं ना? मी बोलणार आहे. अर्धा तास बोलणार आहे. मैदान वाचवायचं म्हणजे वाचवायचं."

"एक हरकत कमी झाली, कळलं का?"

"कळलं." त्यानं मान हलवली. "मास्तरांची. वाईट वाटलं. पण म्हातारपणी माणूस मऊ होतो. मुलीकडे राहतात ना ते आता, तिला हवे असतील शांततेत चार दिवस. मी रागावलो नाही त्यांच्यावर. निवडणुकीआधी भेटून येणार आहे त्यांना."

रेकॉर्डबाई उठता उठता पुन्हा खाली बसल्या. 

"ताई, पाणी देऊ का?"

"नको. सकाळपासून शिडीवर चढ-उतर झाली." त्या उठल्या. "येते."

घरी जाऊन त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा पूर्वी बसमध्ये कंडक्टर होता, माणसं ओळखण्यात स्वतःला पंडित समजायचा.

"मोठे बाबू," तो म्हणाला. "नाहीतर तो हॉटेलवाला."

"मोठ्या बाबूंना मास्तर गेलेत हे महिन्यापूर्वीपासून ठाऊक होतं. हॉटेलवाल्याच्या तर भिंतीवरच होतं. ज्याला ठाऊक आहे, तो साठ घरांतून नेमकं मेलेल्या माणसाचं पत्र कशाला वापरेल? तिथेच तर चोरी उघडी पडली. हे ज्यानं केलं, त्याच्या लेखी मास्तर जिवंत आहेत."

"मग इंजिनिअर. त्याला कुठे ठाऊक होतं?"

"नव्हतं. पण बारा वर्षांपूर्वी तो इथे नव्हता. नव्वद फायलींतलं बेचाळिसावं पान शोधायला मला चार तास लागले, आणि ती खोली माझी आहे. वहीप्रमाणे चौघांपैकी कुणीही पंधरा मिनिटांवर बसलेलं नाही. पान तिथे आहे हे आधीच माहीत असेल, त्यालाच ते मिळणार."

नवऱ्यानं हातातला घास ताटात ठेवला.

"धावपट्टी हे सायकलभाऊचं पहिलं काम," रेकॉर्डबाई म्हणाल्या. "नवा निवडून आलेला पोरगा. तीन संध्याकाळी मास्तरांच्या ओट्यावर बसून त्यानं त्यांना समजावलं होतं. ते पत्र त्यानंच लिहून घेतलं आणि त्यानंच आणून दिलं. आणि आज तो मला म्हणाला, भेटून येणार आहे त्यांना."

"पण तो तर विक्रीच्या विरोधात आहे."

तेच तर त्यांना कळत नव्हतं. त्यांनी पायात परत चपला सरकवल्या.

६

सायकलभाऊ कचेरी बंद करण्याच्या बेतात होता. रेकॉर्डबाईंनी प्रस्तावना केली नाही.

"मास्तर दोन महिन्यांपूर्वी गेले."

त्याच्या हातातली किल्ली हातातच राहिली. तो खाली बसला. आधी त्याचा चेहरा खरोखर दुःखी झाला, आणि मग, थोड्या वेळानं, घाबरला. या दोन्हींच्या मध्ये जो क्षण गेला, त्यात रेकॉर्डबाईंना त्याची दया आली.

"मला कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"तुमच्याच वॉर्डातले होते."

"हो." त्यानं किल्ली टेबलावर ठेवली. मग आपण होऊन बोलायला लागला. "मागच्या वेळी मी सत्तर मतांनी आलो, ताई. आता गाड्या लागतात, फलक लागतात, प्रत्येक केंद्रावर माणसं बसवावी लागतात. कंपनी माझ्यासमोर उमेदवार उभा करणार होती. त्या सल्लागारानं मला तक्ता दाखवला. म्हणाला, बघा, हे तुमचे मतदार, आम्ही तुमच्यापेक्षा जास्त ओळखतो. मग म्हणाला, उमेदवार देत नाही, वर तुमचा सगळा प्रचार आमच्याकडे. फक्त एक हरकत कमी करा. कशी ते आम्ही विचारणार नाही."

"आणि तुम्ही विरोधात मत देऊन हिरो होणार. प्रस्ताव तर साध्या बहुमतानं मंजूर होणारच."

"मी माझं मत विकलेलं नाही," तो म्हणाला. आवाजात जोर होता. त्याचा त्यावर विश्वासही असावा.

"नाही. तुम्ही मास्तरांचं विकलंत."

बाहेर मोटारीचा ड्रायव्हर खोकला. सायकलभाऊनं तोंडावरून हात फिरवला.

"आता काय करणार तुम्ही?"

"सकाळी पत्र रद्द होईल. हरकती परत साठ. दहा मतं लागतील."

"मग प्रस्ताव पडेल. संपलं."

"संपलं का?" रेकॉर्डबाईंनी विचारलं. आज सकाळी मुख्याधिकाऱ्यांनी मांडलेले आकडे त्यांच्या डोक्यातून जात नव्हते. "हजर सदस्यांच्या दोन तृतीयांश, असा नियम आहे. चौदा हजर असतील तर दहा मतं. तेरा हजर असतील तर नऊ."

 त्याच्या खिशातला फोन थरथरला. त्यानं नाव बघितलं आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. तो पुन्हा थरथरला.

नऊ त्यांच्याकडे होतेच. उद्या हा एक माणूस घरी बसला, की मैदान गेलं. आणि रेकॉर्डबाईंनी सकाळी याचं नाव घेतलं, तर मुख्याधिकारी त्याला सभेच्या दारातही उभं करणार नाहीत. चोर पकडला, तरी मैदान जाणारच.

"मी तुमचं नाव सभेआधी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "सभेनंतर सांगणार. तुम्ही या किंवा येऊ नका. नाव जाणारच आहे."

"मग मी यावं कशाला?"

 फोन तिसऱ्यांदा थरथरत असताना त्या बाहेर पडल्या.

७

सकाळी मास्तरीणबाईंनी दाखला दिला, जबाब दिला, घराची हरकत स्वतःच्या सहीनं कायम केली. पत्र रद्द झालं. मुख्याधिकाऱ्यांनी रेकॉर्डबाईंना थांबवून घेतलं.

"पत्र धावपट्टीच्या फायलीतलं आहे, हे तुम्ही शोधलंत. कुणी काढलं तेही तुम्हाला कळलंय. तुमच्या तोंडावर दिसतंय."

"सभा संपल्यावर सांगते."

"तीन वाजता मला आदेश काढावा लागेल."

"काढा."

तीन वाजून पाच मिनिटांनी आदेश त्यांच्या हातात आला. त्यांनी खोलीच्या किल्ल्या मोजून मोठ्या बाबूंकडे दिल्या. मोठे बाबू रडवेले झाले होते. मग त्या सभागृहाच्या मागच्या बाकांवर, जिथे गावातले लोक बसतात, तिथे मास्तरीणबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या. या सभागृहात त्या नेहमी फायली घेऊन यायच्या, रिकाम्या हातांनी आज पहिल्यांदाच आल्या होत्या. हातांचं काय करावं कळेना.

चार वाजले. नऊ सदस्य आले, विरोधातले चार आले. एक खुर्ची रिकामी. सल्लागार भिंतीला टेकून उभा होता, शांत. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि हजेरीची वही पुढे ओढली.

"तुम्ही सारखं दाराकडे काय बघताय?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"काही नाही."

अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं. तेरा सदस्य हजर, असं त्यांनी म्हटलं आणि लिहायला मान खाली घातली. तेवढ्यात दार उघडलं. सायकलभाऊ आत आला. दाढी केलेली नव्हती, शर्ट कालचाच होता. कुणाकडेही न बघता तो खुर्चीपर्यंत गेला आणि वहीत सही केली. सल्लागार भिंतीपासून सरळ झाला.

अर्ध्या तासाचं भाषण झालं नाही. मतदान झालं. नऊ विरुद्ध पाच. हजर चौदा, दहा मतं लागत होती. प्रस्ताव फेटाळला, असं अध्यक्ष म्हणाले आणि मागच्या बाकांवरचे लोक एकदम उठले. काही जण पुढे धावले. त्यांनी सायकलभाऊला घेरलं, पाठीवर थापा मारल्या, कुणीतरी त्याला उचलायला बघत होतं. तो नको नको म्हणत होता, आणि लोकांना तो विनय वाटत होता.

रेकॉर्डबाई वर गेल्या. मुख्याधिकाऱ्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसून त्यांनी जबाब लिहिला. दीड पान झालं. खालून घोषणा ऐकू येत होत्या. त्या थोडा वेळ थांबल्या. का थांबल्या, हे त्यांना नीट सांगता आलं नसतं.

जिन्यावर पावलं वाजली. सायकलभाऊ एकटाच वर आला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"लिहिलंत?"

"लिहिलं."

"वाचू?"

त्यांनी कागद दिला. त्यानं सावकाश वाचला.

"इथे तुम्ही लिहिलंय, गठ्ठ्यापाशी दहा मिनिटं बसला. दहा नाही. चारच मिनिटं. मला पान पाठ होतं." त्यानं त्यांच्याकडून पेन घेतलं, आकडा दुरुस्त केला आणि खाली सही केली. "मीच देतो आत."

दार त्याच्यामागे लागलं. आतून मुख्याधिकाऱ्यांचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. थोड्या वेळानं ते स्वतःच बाहेर आले.

"हे तुम्ही मला सकाळी सांगितलं असतं, तर तुमच्यावर आदेश निघाला नसता."

"सकाळी सांगितलं असतं, तर सभेला तेराच जण असते, साहेब."

त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला. ओठ हलले, आणि ते आत वळले. आदेश मागे घ्यायला आठ दिवस लागले, कारण त्यालाही तीन सह्या लागत होत्या.

सायकलभाऊनं राजीनामा दिला. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. सल्लागारानं कुठेच सही केलेली नव्हती, त्यामुळे त्याच्यावर काहीच झालं नाही. हॉटेलातल्या खोलीचं भाडं त्यानं निवडणुकीपर्यंत भरून ठेवलं. कंपनीचा नवा उमेदवार कोण, याची वॉर्डात चर्चा सुरू झाली होती.

सभेच्या दिवशी संध्याकाळी रेकॉर्डबाई मास्तरीणबाईंना घरापर्यंत सोडायला गेल्या. वाटेत त्यांनी सगळं सांगितलं. मैदानावर मुलं धावत होती, आणि मास्तरीणबाई कुंपणापाशी उभ्या राहून ऐकत होत्या.

"पैशांसाठी केलं म्हणता."

"निवडणुकीसाठी. त्याच्या खिशात काही गेलं नसावं."

मास्तरीणबाई फाटकाची कडी काढता काढता थांबल्या.

"मागच्या निवडणुकीला तो आमच्याकडे आला होता. पावतीपुस्तक घेऊन. म्हणाला, मास्तर, मोठ्यांकडून घ्यायचे नाहीत म्हणून घरोघर फिरतोय, जमेल ते द्या. ह्यांनी दिले नाहीत. म्हणाले, चांगल्या माणसाला राजकारणात पैसे कशाला लागतात? शेजारच्यांनीही तेच सांगितलं. या गल्लीत कुणीच दिले नाहीत." त्यांनी कडी काढली. "चहा मात्र प्यायला त्यानं. मग परत कधी आला नाही."

रेकॉर्डबाईंना त्या घरोघर फिरणाऱ्या माणसाचा चेहरा आठवला. मागच्या निवडणुकीला तो त्यांच्याही दारात उभा होता.

"तुम्ही दिले होते का?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या.